रिकाम्या हाताची शपथ

मी पत्रकं वाचत वाढले. आमच्या घरात कुराण होतं, कापडात बांधून उंच फळीवर ठेवलेलं. माझी शाळेची पुस्तकं होती, ती दरवर्षी बदलायची. बाकी घरभर पत्रकं. चाचा बीडहून आणायचे ती मराठीतली इस्लामी पत्रकं, मधोमध पिना मारलेली, पातळ कागदाची. अब्बा पाणी संस्थेचे सभासद होते, ते प्रशिक्षणाला गेले की सहकाराची तत्त्वं सांगणारी पत्रकं घेऊन यायचे. आणि गावातले एक निवृत्त गुरुजी, बौद्ध, जयंतीला वाटलेली पत्रकं माझ्यासाठी मुद्दाम बाजूला ठेवायचे. शेवटच्या पानापर्यंत वाचणारी गावात तू एकटीच, असं म्हणायचे. तिन्ही पत्रकांचा सूर एकच. एक प्रश्न, लगेच त्याचं उत्तर, आणि खाली जाड अक्षरात ठणकावलेलं एक वाक्य. मीही तशीच बोलायला लागले. अम्मा म्हणायची, ह्या पोरीला चहा घेतीस का विचारलं तरी भाषण देती.

आमचं गाव लिंबागणेशच्या पुढे, डोंगरात. एक पाझर तलाव, त्याच्या खाली संस्थेची विहीर, आणि त्या विहिरीवर सभासदांच्या आपापल्या मोटारी. ज्याची पाळी त्यानं मोटार चालवायची, हा नियम. पाऊस बरा असला की नियम कुणाला आठवतही नसे. मी अकरावीत होते त्या वर्षी तलावाचा तळ उघडा पडला, चिखलाला भेगा गेल्या, आणि विहिरीत जे काही झिरपत होतं त्यावर सगळ्यांच्या बागा टांगलेल्या. आमची मोसंबीची होती. अब्बांनी ती माझ्या जन्मानंतर लावली होती आणि तिच्याकडं बघताना त्यांचा चेहरा जसा व्हायचा तसा माझ्याकडं बघताना होत नसे, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही.

त्या उन्हाळ्यात मी रोज संध्याकाळी अब्बांना पत्रक वाचून दाखवायचे. त्यांना सहीपुरतं आणि एसटीच्या पाटीपुरतं वाचता यायचं. विषय तौहीदचा होता, म्हणजे अल्लाहचं एकत्व. अब्बा पहिल्याच दिवशी म्हणाले, "अल्लाह एक हाय ह्याला न्हाई कोण म्हणतंय? गावात कुणालाबी इचार. देव एकच हाय म्हणतील. मग एवढं छापायचं कशाला?"

प्रश्न बिनतोड होता. मी पत्रकातलं उत्तर दिलं. एक आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. मागायचं ते त्याच्याकडंच. भ्यायचं ते त्यालाच. शपथ घ्यायची तर त्याचीच, नाहीतर गप्प राहायचं. कलमा, म्हणजे आमची इमानाची साक्ष, तीच 'नाही'पासून सुरू होते, आधी बाकी सगळ्यांना नाही म्हणायचं आणि मग त्या एकाला हो.

"भ्यायचं त्यालाच," अब्बा म्हणाले. "हे परत वाच."

मी परत वाचलं. नंतरचे काही दिवस त्यांनी दुसरं काही वाचूच दिलं नाही.

अम्मा चुलीपाशी बसून ऐकायची आणि काही बोलायची नाही. डोंगरावर पीरसाहेबांचा दर्गा आहे. बाग जगली तर चादर चढवीन, असा तिनं तिथं नवस केला होता. तो नवस पत्रकात कुठल्या रकान्यात बसतो ते तिला समजत होतं. खरं सांगायचं तर पीराकडं जाण्याबद्दल आमच्यातच दोन मतं आहेत आणि दोन्हीकडं भली माणसं आहेत. पण मला तेव्हा एकच मत माहीत होतं, आणि ते जाड अक्षरात होतं.

मग विहिरीचं पाणी चोरीला जायला लागलं. सकाळी जेवढं पाणी दिसायला हवं तेवढं दिसेना. कुणीतरी पाळी नसताना मोटार चालवत होतं. प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय. मोटार दुरुस्त करणाऱ्याला लोक विचारायचे, ह्या महिन्यात जास्त चालून कुणाची जळाली? शेवटी चेअरमननी बैठक बोलावली. चेअरमन म्हणजे गावातला मोठा बागायतदार, आवाज मोठा, मनानं वाईट नाही, पण आपल्या अध्यक्षतेखाली काही बिघडलं की तो अपमान समजणारा. त्यांनी आधीच सांगून टाकलं: प्रत्येक सभासदानं बेल-भंडार उचलायचा. पाळीशिवाय मोटार चालवली नाही आणि चालवणार नाही, अशी शपथ घ्यायची. जो उचलणार नाही त्याचं कनेक्शन तोडायचं.

बेल-भंडार म्हणजे ताटात बेलाचं पान आणि खंडोबाचा भंडारा. तो उचलून खोटं बोलला त्याच्या घराचं वाटोळं होतं, असं आमच्याकडं सगळे मानतात. सगळे म्हणजे आम्हीसुद्धा. मागे एकदा बांधाच्या भांडणात अब्बांनीही उचलला होता.

बैठक संस्थेच्या गोदामापुढं होती. पाण्याचा विषय म्हणून बायकाही आल्या होत्या. अम्मा आणि मी भिंतीच्या सावलीला उभ्या राहिलो. एकेक जण पुढं जायचा, पान उचलून कपाळाला लावायचा, वाक्य म्हणायचा. गुरुजींची पाळी आली तेव्हा त्यांनी हात जोडले आणि जागेवरूनच सांगितलं, मी सही करतो, ताट नको. ते कुणाला नवीन नव्हतं, चालवून घेतलं. त्यांच्या वडलांनी धर्म बदलल्यापासून त्या घरानं कुठलंच ताट उचललं नव्हतं.

मग अब्बा.

"मी न्हाई उचलणार," अब्बा म्हणाले.

"कावून?" चेअरमननी विचारलं.

"आमाला त्या एकाशिवाय दुसऱ्या कुणाची शपथ घेता येत न्हाई."

"मागं बांधाला उचललंतं की," मागून एक जण म्हणाला.

"उचललंतं. तवा मला म्हाईत नव्हतं."

"आता कुणी सांगितलं?"

अब्बांनी माझ्याकडं बघितलं नाही.

मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मी त्याला तयार होते, माझ्याकडं उत्तरं पाठ होती. पण चेअरमन हसले. "आरं मग त्यात काय एवढं. तुमचं येगळं हाय, आमच्या ध्यानात यायला पायजे होतं. जा रे, पीरसाहेबांची चादर घेऊन या."

एक पोरगा मोटारसायकल घेऊन डोंगराकडं गेला. बैठकीचा सगळा ताण गेला. चहा आला. दोघं-तिघं अब्बांच्या पाठीवर हात ठेवून गेले. आपण किती समजूतदार आहोत याचं समाधान प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं, आणि ते खोटं नव्हतं. भाईला बेल चालत नाही तर भाईचा पीर आणू. ह्याच्यापेक्षा जास्त काय करणार माणसं?

माझा चहा थंड झाला. कारण पत्रकाप्रमाणं बेल आणि चादर यांत काहीच फरक नव्हता. उलट चादर जास्त अवघड. अम्मा माझ्या कानात म्हणाली, "चादर तर घेतील ना ते?" मी गप्प राहिले. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

चादर आली. ती आबांच्या हातात दिली गेली. आबा म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले शेतकरी, अब्बांपेक्षा वयानं मोठे, जातीनं मराठा. उरुसात चंदन आणि फुलांची मिरवणूक निघते, तिला संदल म्हणतात. तो संदल डोक्यावर घ्यायचा मान पिढ्यान् पिढ्या आबांच्या घराचा. आबांनी ती हिरवी चादर दोन्ही हातांवर आडवी धरली आणि अब्बांपुढं केली.

"घे," ते म्हणाले. "आपला हाय."

अब्बांनी हात पुढं केले नाहीत. "आबा, ह्याच्यावर बी न्हाई."

"पीरावर न्हाई?"

"न्हाई."

"आरं, तुमचाच ना त्यो?"

"तुमचा बी हाय. पण त्याच्यावर हात ठिवून शपथ न्हाई घेता येत."

बेलाला नाही म्हटल्यावर कुणाला राग आला नव्हता. आता आला. आबांचे हात तसेच आडवे, चादर तशीच, आणि ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. कुणीतरी म्हणालं, "ह्याला बेल बी नको, पीर बी नको. आता काय समजायचं ते समजा." सगळ्यांना समजलं होतं. जो कशालाच हात लावायला तयार नाही, मोटार त्यानंच चालवली. कनेक्शन तुटणार होतं आणि चोर हे नाव लागणार होतं. नुसती बाग गेली असती तर परत लावता आली असती.

"कुराण आणा मग," चेअरमन वैतागून म्हणाले.

"कुराण घरी हाय," अब्बा म्हणाले. "ते वाचायला हाय. मोटारीच्या भांडणात उचलायला न्हाई."

"मग तुमचं हाय तरी काय नेमकं?"

"एक हाय."

"कुठं हाय?"

"हे समदं बघायलाय. पर कुठल्या वस्तूत न्हाई. हाताला लागंल असं काय न्हाई त्याचं."

आबा चादर मांडीवर घेऊन पायरीवर बसले. ते दुखावले होते, पण विचारायला लागले, आणि खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं विचारायला लागले. "मग त्याच्याकडं कुणाच्या ओळखीनं जायचं?"

"ओळख लागत न्हाई."

"वशिला?"

"चालत न्हाई."

"बँकेत चालतो, तहशिलीत चालतो, आन तिथंच न्हाई चालत?"

"तिथंच न्हाई चालत."

"मंजी तिथं संचालक मंडळच न्हाई म्हणा की," मागून आवाज आला.

"चेअरमन बी न्हाई," दुसरा म्हणाला, आणि बायकांतसुद्धा हसू फुटलं. चेअरमनही हसले, सगळ्यांच्या जरा नंतर.

पण त्यांचा मुद्दा सुटला नव्हता, आणि मुद्दा खरा होता. "हसायचं ऱ्हाऊ द्या. भाई, बेलाची भीती असती. चादरीची असती. तू खोटं बोललास तर तुझं वाटोळं कोण करणार? रिकाम्या हाताला भितंय कोण?"

"मी," अब्बा म्हणाले.

अब्बांनी दोन्ही हात सदऱ्यालगत खाली सोडले होते, त्या हातांचं काय करावं हे ठाऊक नसल्यासारखे. "हात रिकामा दिसला मंजी त्यो बघत न्हाई असं हाय का? मी अल्लाहला साक्षी ठिवून सांगतो. पाळीशिवाय मोटार चालवली न्हाई, चालवणार न्हाई." मग खिशातून त्यांनी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. "त्यो माझ्यासाठी झाला. तुमाला त्याची खात्री नसल तर तुमचं बी चुकत न्हाई. तुमच्यासाठी ही चावी. पाळीच्या दिवशी द्या, झाली की परत घ्या."

चेअरमन चावीकडं बघत राहिले. ही सोय त्यांना सुचली नव्हती.

आणि इथं मला राहवलं नाही. सहकाराचं पत्रक मला पाठ होतं. एक सभासद, एक मत. नियम सगळ्यांना सारखा. "एकट्याचीच चावी कशाला?" मी म्हणाले. "सगळ्यांच्या घ्या."

"ही कोण बोलली?"

"पोरगी हाय माझी," अब्बा म्हणाले.

"पत्रकवाली," कुणीतरी माहिती पुरवली.

गुरुजी उठले. "ठराव बरोबर हाय. माझी ही घ्या," म्हणून त्यांनी आपली चावी अब्बांच्या चावीशेजारी ठेवली. आबांनीही ठेवली, अब्बांकडं न बघता. मग बाकीच्यांची चुळबुळ सुरू झाली. थोड्या वेळापूर्वी बेल कपाळाला लावून बसलेला एक जण, आमच्या वरच्या अंगाचा बागवाला, म्हणाला, "चावी द्यायला काय न्हाई. पर रातची लाईट आली तर कुणाच्या दारात जायचं चावी मागायला?"

"रातच्या लाईटीचं तुला कशाला पडलंय बे?" त्याच्या शेजारचा म्हणाला. "तुझी पाळी तर दिवसाची हाय."

तो जो हशा झाला तसा त्या अख्ख्या उन्हाळ्यात गावात झाला नव्हता. त्या माणसाची चावी टेबलावर आली, त्यानंच हसत ठेवली, आणि त्याला कुणी चोर म्हटलं नाही. म्हणायची गरज राहिली नव्हती. सगळ्या चाव्या गुरुजींकडं ठेवायच्या असं ठरलं. आमची पाळी कायम राहिली, दुसऱ्याच दिवशीची. मी आजही म्हणते, संस्थेचा कारभार शपथेवर चालवणं हाच पहिला आळस होता. ज्याला हिशोब ठेवायचा नसतो तो देवाला मध्ये घालतो. पण ते असो.

उरली चादर. ती शपथेविना परत कशी ठेवायची, हे कुणाला ठाऊक नव्हतं. असं आधी कधी झालंच नव्हतं. चेअरमन अब्बांना म्हणाले, "तुमच्यापायी आणली, तुमीच नीट ठिवून या."

घरी आल्यावर अम्मा जेवली नाही. दखनीत, आमच्या घरच्या बोलीत, ती जे म्हणाली त्याचा अर्थ असा, की बेलाचं सोडा, तो आपला नव्हता, पण पीरसाहेबांनी भरल्या बैठकीत हात पुढं केला आणि तुम्ही तो झिडकारला. आता बागेचं काय होणार? मी तिला पत्रकातलं समजावायला गेले, तर अब्बांनीच मला हातानं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. अब्बा, अम्मा, मी आणि आबा. दर्ग्याची ही मानाची चादर आबांच्या घरच्यांशिवाय कुणी कबरीवर घालत नाही, म्हणून ते आले, पण बोलत नव्हते. चढावर ते आणि अम्मा मागं राहिले, तेव्हा अब्बा मला हळूच म्हणाले, "एक सांगू? बेलाला न्हाई म्हणताना मला काहीच वाटलं न्हाई. चादरीला न्हाई म्हणताना पाय लटपटत होते."

मी थांबले.

"मंजी बेलाला मी भीतच नव्हतो," ते म्हणाले. "त्याला न्हाई म्हणण्यात माझं काय गेलं? चादरीला मी खरंच भीत होतो. ल्हानपणापासून. काल म्हणून टाकलं आणि मग बरं वाटलं. लई बरं वाटलं. डोक्यावर एकच ऱ्हायला."

माझ्या पत्रकांत हे नव्हतं. ती वाचून मला वाटायचं की तौहीद म्हणजे दुसऱ्याच्या देवाला नाही म्हणणं. ते मला फार आवडायचंही, कारण नाही म्हणायला मला कुठलाही विषय चालायचा. अब्बांनी नाही म्हटलं होतं ते स्वतःच्या धास्तीला. आणि ते म्हणताना त्यांनी पीरांना एक वाकडा शब्द वापरला नव्हता. त्या चढावर मलाही मोकळं वाटलं. अल्लाह एक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर नव्हती. तो माझ्या भाषणाशिवायही एकच होता.

दर्ग्यात आबांनी चादर कबरीवर पसरली, कडा सरळ केल्या. अम्मा दारातच उभी, पदर तोंडाशी. अब्बा पुढं झाले, सलाम केला आणि दोन्ही हात वर करून बराच वेळ दुवा मागत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. अम्मा त्यांच्याकडं डोळे विस्फारून बघत होती.

हात तोंडावरून फिरवून ते मागं वळले तेव्हा आबांनी सकाळपासून पहिल्यांदा तोंड उघडलं. "काल तर न्हाई म्हणालास. मग आज काय मागितलंस त्याला?"

"त्याला न्हाई मागितलं. त्याच्यासाठी मागितलं."

"पीरासाठी?"

"व्हय. अल्लाहनं त्याच्यावर दया करावी, त्याची कबर उजेडाची करावी, असं. भला माणूस होता म्हणतात. गेलेल्या माणसाला दुवा लागती, आबा. आपल्याला जमतंय तेवढी द्यावी."

आबा कबरीकडं बघत राहिले. त्यांच्या घरानं किती पिढ्या तिथं फुलं आणली, आणि हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मग अम्मा दारातून आत आली. तिनं कबरीच्या पायथ्याशी पडलेली वाळकी पानं हातानं गोळा केली, पदरात घेतली.

"खरंच की," ती आबांनाही कळावं म्हणून मराठीत म्हणाली. "इतकी वरसं समदी ह्यालाच मागायलीत. पोरगं दे, पाणी दे, बाग जगव. ह्याच्यासाठी मागितलं कुणी? येकट्या माणसानं किती जणांचं ऐकायचं?"

तिचा आवाज बदलला होता. काल रात्री ज्या पीराच्या कोपाच्या धास्तीनं तिला घास गेला नव्हता, त्याची आता तिला कीव येत होती. तिनं ओंजळ पुढं धरली, काहीतरी पुटपुटली, आणि पहिल्यांदाच त्या कबरीपुढं तिचे खांदे खाली आले. नवस केलेली चादर तिनं पुढं चढवली की नाही, हे मी तिला विचारलेलं नाही. तो तिचा आणि अल्लाहचा हिशोब.

"चल," आबा अब्बांना म्हणाले. "गुरुजीकडून चावी घ्यायची हाय ना तुला? लाईट जाईल."

उतारावर ते दोघं पुढं, मोसंबीला यंदा फळ ठेवायचं की झाडच जगवायचं यावर वाद घालत. अम्मा माझ्या मागं होती. चावी घेऊन विहिरीपाशी पोचलो तेव्हा अब्बांनी मोटार चालू केली, पाइपातून आधी हवा आली, मग पाणी आलं, गढूळ, बोटभर धारेचं. अम्मानं पायातल्या चपला काढल्या, बांधावर लिंबाखाली पदर पसरला आणि आमची पाळी संपेपर्यंत गाढ झोपली.